न फिरलेली घुंडी

हे मी कोणाजवळच बोललो नाही. बायकोजवळ नाही, सख्ख्या भावाजवळ नाही. तुम्ही अनोळखी आहात म्हणून सांगतोय — आणि खरं विचाराल तर तुमच्यावरही माझा भरवसा नाही. वाचून तुम्ही मनात काय म्हणाल, कोणाकोणाला सांगाल, कोण जाणे. पण आता वय झालं. किती दिवस दडवायचं?

माझा स्वभावच संशयी. महाराष्ट्र नुकताच झाला होता, तेव्हा मोताळ्यात माझं फोटोचं दुकान होतं. फिल्म धुण्याच्या औषधांच्या बाटल्यांवरसुद्धा मी खुणा करून ठेवायचो — कोणी चोरून वापरलं तर कळावं म्हणून. कोणी म्हणजे कोण? दुकानात दुसरं होतंच कोण? सुखदेव. माझ्याच वयाचा, बायको-लेकराचा माणूस. फिल्म धुण्यात त्याचा हात धरणारा आजूबाजूला कोणी नव्हता, आणि मला तेच सलायचं. उद्या हा कॅमेराही शिकला तर? समोरच दुकान टाकलं तर? म्हणून कॅमेऱ्यात फिल्म भरताना मी त्याच्याकडे पाठ करून बसायचो. हसू येतं ना?

कॅमेरा जुना परदेशी, चावीचा. तळाचं झाकण काढून फिल्मची डबी खालून सरकवायची. त्याआधी फिल्मचं पुढचं टोक — आम्ही त्याला जीभ म्हणायचो — कात्रीनं चांगलं लांब कापून घ्यायचं. आखूड राहिलं की फिल्म आत चुरगळते, चावी अडकते. मग ती जीभ रिकाम्या फिरकीच्या खाचेत रुतवायची, एकदा चावी द्यायची आणि बघायचं — वरची डावीकडची घुंडी आपोआप फिरते का? फिरली तर फिल्म सरकतेय. बस, एवढीच विद्या. एवढीच मी लपवत होतो.

वरवट बकालला एक मोठ्या घरचं लग्न होतं. कनातीच्या आड, पाठ फिरवून, उपरण्याखाली हात घालून मी फिल्म भरली. मंगलाष्टकं सुरू झाली होती. जीभ खाचेत नीट बसली की नाही ते पाहिलंच नाही. कॅमेरा अडकला असता तर बरं झालं असतं हो! पण चावी कशी अगदी लोण्यातून फिरावी तशी फिरली. आकडा छत्तीसपर्यंत गेला. संध्याकाळी फिल्म परत गुंडाळायला घेतली, तर अर्ध्याच वेढ्यात घुंडी मोकळी झाली. फिल्म डबीतून बाहेर सरकलीच नव्हती.

बोललो का कोणाला? नाही. दुसऱ्या दिवशी डबी सुखदेवच्या हातात दिली आणि म्हणालो, धू.

तो फिल्म धूत होता तेव्हाच नवरीचे वडील दुकानात आले. सुखदेव ओली फिल्म घेऊन बाहेर आला आणि उजेडात धरली. अख्खी कोरी. कडेचे बारीक आकडे मात्र स्वच्छ उमटले होते. धुण्यात चूक झाली असती तर तेही उमटले नसते — म्हणजे चूक कॅमेऱ्यातली. हे आम्हा दोघांना कळलं. नवरीच्या वडिलांना कसं कळावं? पोरगी सासरी गेली, आता हे फोटो कुठून आणू, म्हणून ते ओरडायला लागले. दारात माणसं जमली.

मी सुखदेवकडे बोट दाखवलं. म्हणालो, याच्या हातून धुताना गेली.

सुखदेवच्या घरच्यांनी काही वर्षांपूर्वी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. त्या घरच्या माणसावर ठपका ठेवायला दारातल्या गर्दीला पुरावा लागणार नव्हता. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. म्हणूनच तर बोट इतकं पटकन उठलं.

आणि अजून एक राहिलंय. लग्नात तो माझ्या शेजारीच उभा होता, नवरीच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून पांढरी चादर धरून. पाचव्या-सहाव्या फोटोलाच हळूच म्हणाला होता, "भाऊ, वरची घुंडी फिरून नाही राह्यली." म्हणजे मी पाठ करून लपवलेलं सगळं याला येत होतं! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "तुले काय समजते बे? चादर धर नीट," असं चार लोकांदेखत बोललो आणि तशीच चावी देत राहिलो.

तर त्या दिवशी दुकानात त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग नवरीच्या वडिलांना म्हणाला, "हो जी, माह्याच हातून झालं." हात पुसले आणि गेला. फिल्म मी त्याच दुपारी चुलीत घातली.

पुढे कोणत्याच फोटोवाल्यानं त्याला ठेवलं नाही — मी सगळीकडे सांगून ठेवलं होतं ना! तो खामगावला जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलायला लागला. मी मात्र वर्षानुवर्षं दाराकडे बघत राहिलो. गप्प का बसला हा? कधीतरी येईल, चार लोकांत माझं पितळ उघडं पाडील. बाजारात दिसला की मी गल्ली बदलायचो.

गेल्या उन्हाळ्यात तो वारला. मी मयतीला गेलो. दुःखानं नाही — मरताना घरच्यांना काही बोलून गेला का, ते बघायला. त्याचा मुलगा आता शाळेत मास्तर आहे. तो पुढे आला, हात जोडले. म्हणाला, "काका, बाबाच्या हातून तुमचं लई नुकसान झालं होतं म्हणे. मनात ठेवू नका."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, मी त्याला कधीच माफ केलं.