आपली कॉफी आपण फेटायची

पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. सध्याची पोस्टिंग शारजात, हमरिया फ्री झोनला. पोस्टिंग हा शब्द माझा. कंपनीच्या कार्डावर सिक्युरिटी सुपरवायझर लिहिलेलं आहे. ड्यूटी सकाळी सहाला लागते. त्याआधी घरी आंघोळ, देवापुढे हात जोडणं आणि कॉफी, याच क्रमाने.

कॉफीच्या बाबतीत मी हट्टी आहे, हे आधीच सांगून टाकतो. स्टीलचा मग, त्यात इन्स्टंट पावडर, साखर आणि चमचाभर कोमट पाणी. मग फेटायला बसायचं. काळा रंग तपकिरी होतो, तपकिरीचा बदामी होतो, तोवर हात थांबवायचा नाही. वरून गरम पाणी, त्यात दुधाची पावडर. घरात ताजं दूध असलं तरी मला पावडरच लागते. ऑफिसात मशीन आहे. बटण दाबल्यावर त्यातून जे पडतं ते पेय असेल, कॉफी नव्हे. आमचा सुदानी अकाउंटंट छोट्या कपात वेलची घातलेला गहवा, म्हणजे अरबी कॉफी, देतो, तो मात्र मी घेतो. तो मनापासून देतो, आणि मी रिकामा कप जरा हलवला की पुरे झालं हे ओळखतो.

दुसरा नियम लोकांना जास्त खटकतो. मी दुसऱ्यासाठी कॉफी फेटत नाही आणि दुसऱ्याने फेटलेली पीत नाही. आमच्या घरी प्रत्येकाने आपली आपण फेटायची. पाहुणा असला तरी त्याच्या हातात मग आणि चमचा. माझी बायको सुनंदा हे गाऱ्हाणं अजून चारचौघांत मांडते. ‘लग्नानंतर पहिल्याच सकाळी मी कॉफी करून नेली, तर हे म्हणाले, ठेव, माझी मी करतो. मला वाटलं, मी पसंत नाही यांना.’

गेटवरचे गार्ड याला ‘जाधव साब की कॉफी परेड’ म्हणतात. उन्हाळ्यात बाहेरच्या पोस्टवरून आलेला प्रत्येक गार्ड माझ्यासमोर बसून फेटतो. नेपाळी असो, केरळी असो, पेशावरचा असो, सूट नाही.

‘साब, हाथ दुखता है,’ एकजण कुरकुरला.

‘दुखता है तो ज़िंदा है. यल्ला, चला हाथ.’

ते हसतात. मी त्यांच्या तोंडाकडे बघत नाही, बोटांकडे बघतो. ही खोड मूळची माझी नाही. ती सुभेदार शेलार साहेबांची.

पोस्टचं नाव सांगत नाही. उत्तरेला, बर्फात, एवढं पुरे. फायबरची एक झोपडी, रॉकेलचा स्टोव्ह, आणि सगळ्यांच्या नाकपुड्यांत काजळी. त्या उंचीवर पाणी लवकर उकळतं पण हवं तेवढं तापत नाही. डाळ शिजत नाही, चहा धड उतरत नाही. म्हणून कॉफी. साहेबांचा कायदा असा की सेंट्री ड्यूटीवरून आत आलेल्या जवानाने आधी त्यांच्यासमोर बसायचं, वरचे ग्लोव्हज काढायचे आणि आपली कॉफी आपण फेटायची. ते स्वतःही आमच्यासमोर आपली फेटत. सुभेदार झाला म्हणून माफी नाही.

नवीन पोरांना वाटायचं, साहेब कॉफीचे शौकीन आहेत. शौक नव्हता, तपासणी होती. उंचीवर मेंदूला सूज चढायला लागली की माणसाची बोटं ऐकेनाशी होतात, पण विचारलं तर तो ‘ठीक आहे’ म्हणत राहतो. खाली पाठवतील, कमजोर म्हणतील, ही भीती असते. साहेब म्हणत, ‘तोंड खोटं बोलतं. चमचा खोटं बोलत नाही.’

साहेब कराडकडचे. बोलणं कमी. फक्त मुलीचा विषय निघाला की गाडी सुटायची. ‘दोन वर्षांची झाली. बकरीलापण बाबा म्हणते. सुट्टीवर गेलो की आधी बकरीशेजारी उभं राहून ओळख पटवावी लागते.’ हे आम्ही कितीदा ऐकलं असेल. दर वेळी हसायचो.

त्या मुलीचा फोन मला मागच्या हिवाळ्यात आला.

‘जाधव काका? मी स्नेहल शेलार. सुभेदार शेलारांची मुलगी. मी दुबईला नर्स आहे, इंटरनॅशनल सिटीत राहते. आईकडे तुमचा नंबर होता. मला एकच गोष्ट विचारायचीय, पण फोनवर नको.’

रविवारी ये म्हटलं. फोन ठेवला तेव्हा ती काय विचारणार हे मला कळलं होतं. तिथून रविवारपर्यंत मला नीट जेवण गेलं नाही.

रविवारी दार माझ्या मुलाने, रोहितने उघडलं. ‘डॅड, समवन्स हिअर फॉर यू,’ असं म्हणून तो खोलीत गेला. स्नेहल बसली, पाणी प्यायली, सुनंदाशी दोन शब्द बोलली. मग सरळ मुद्द्यावर आली. बापाची मुलगी.

‘काका, पलटणीतून आईला सांगितलं की बाबा अचानक गेले, त्यांना कळलंसुद्धा नाही. ती त्याच्यावरच जगली. पण मी न्यूरो वॉर्डला काम करते. ब्रेनला सूज येते ना, ती अशी अचानक नाही येत. आधी हात जातात, चालताना तोल जातो. निदान एक दिवस आधी. आणि तुम्हाला त्याच आजारासाठी खाली पाठवलं, हे मला माहितीये. त्यावरून मला राग नाही. फक्त खरं सांगा. बाबांना स्वतःचं कळलं होतं ना?’

खोटं बोलणं सोपं होतं. ‘नाही बाळा, त्यांना काही कळलं नाही’ एवढंच म्हणायचं, आणि मुलगी निदान शांतपणे घरी गेली असती. मी तोंड उघडलं आणि मला साहेबांचा आवाज आठवला. मी खरं सांगितलं. जसं तिला सांगितलं तसंच इथे लिहितो.

कित्येक दिवस हवामान बंद होतं. हेलिकॉप्टर नाही, बदली तुकडी नाही. एका संध्याकाळी मी ड्यूटीवरून आत आलो आणि फेटायला बसलो. साहेबांनी आपला मग माझ्यापुढे सरकवला.

‘जाधव, आज माझीपण तूच फेट.’

झोपडीत गलका झाला. जाधवला प्रमोशन मिळालं म्हणून पोरांनी चिडवलं. मीपण फुशारलो. साहेब कुणाच्या हातचं घेत नसत, आणि आज माझ्या हातचं मागत होते. मी दोन्ही मग जीव ओतून फेटले. साहेबांनी ग्लोव्हज न काढता, दोन्ही तळव्यांत मग धरून कॉफी प्यायली. मी ते बघितलं. बघून काहीही विचार केला नाही.

दुसऱ्या सकाळी माझ्या हातातून चमचा पडला. उचलला, पुन्हा पडला.

‘झोप झाली नाही, साहेब. ठीक आहे मी.’

साहेबांनी पायाने माझा मग बाजूला सारला. हाताने नाही, पायाने. मग ते रेडिओजवळ बसले. मी स्लीपिंग बॅगमध्ये पडून ऐकत होतो.

‘चार्ली फॉर अल्फा. कॅज्युअल्टी इव्हॅक्युएशन चाहिए. ओव्हर.’

‘अल्फा. कितने पेशंट? ओव्हर.’

‘एक. ओव्हर.’

‘चार्ली, कन्फर्म करो. एक ही पेशंट? ओव्हर.’

मध्ये थोडा वेळ फक्त खरखर होती.

‘कन्फर्म. एक. आउट.’

त्या उंचीवर हेलिकॉप्टर एका खेपेला एकच माणूस उचलतं, आणि खेप एकच मिळणार होती. ढग जरासे फाटले तेवढ्यात ते आलं. पंखा चालूच होता. दोघांनी मला उचलून आत टाकलं, पट्टा एका शिपायाने लावला. साहेब बाजूला उभे होते. दोन्ही हात खिशात.

सिव्हिलियन वाचकाला यात काही वाटणार नाही. आमच्याकडे युनिफॉर्मवर खिशात हात म्हणजे गुन्हा. मी नवीन असताना याच माणसाने मला त्यासाठी पाठीवर वजनाचा पिठ्ठू लावून ग्राउंडला पळवलं होतं. तो माणूस जवानांसमोर खिशात हात घालून उभा होता. ‘चल, नीघ,’ एवढंच म्हणाले.

दुपारी हवामान पुन्हा बंद झालं. साहेब दुसऱ्या दिवशी पहाटे गेले. मला हॉस्पिटलमध्ये दोन दिवसांनी सांगितलं. डोकं ताळ्यावर आल्यावर एकेक गोष्ट जागेवर बसत गेली: तो सरकवलेला मग, ते ग्लोव्हज, तो पाय, ते खिसे. माझ्याआधी त्यांचा हात गेला होता. आम्ही सगळे त्यांच्यासमोर बसलेलो असूनही त्यांनी तो आमच्यापासून लपवला. तेव्हापासून मी दुसऱ्यासाठी कॉफी फेटू शकत नाही. कुणी मग समोर सरकवला की मी तो परत सरकवतो.

स्नेहलने सगळं न थांबवता ऐकलं. सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनेही हे पहिल्यांदाच ऐकलं.

‘म्हणजे आदल्या संध्याकाळीच त्यांना कळलं होतं.’

‘हो.’

‘तरी रेडिओवर एकच म्हणाले.’

‘हो.’

‘तेव्हा तुमचं लग्न झालं होतं?’

‘नाही.’

‘मी होते ना पण. मी होते, काका. मग ते आले का नाहीत?’

आमच्यात आधी जवान जेवतो, मग साहेब. हे मी तिला सांगितलं आणि सांगतानाच कळलं, की पलटणीला पुरणारं उत्तर मुलीला पुरत नाही. ‘मला माहीत नाही, बाळा,’ म्हणालो. माझा आवाज फुटला. मला त्याची लाज वाटली नाही.

सुनंदा पुढे आली. तिचे डोळे भरलेले होते, पण बाई सवयीने बोलली, ‘कॉफी घेशील का गं? म्हणजे, तुझी तुलाच...’

‘चहा चालेल, काकू. आमच्याकडे कॉफी कोणीच घेत नाही. बाबांना तर मुळीच चालायची नाही. आई सांगते, शेजारी कुणी केली तरी वासाने तोंड वाकडं करायचे.’

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ‘कोणाला चालायची नाही?’

‘बाबांना. का?’

अख्खा मुक्काम तो माणूस आमच्यासमोर रोज मगभर कॉफी फेटत होता आणि तळापर्यंत पीत होता. त्यात एखादा घोट कमी पडला असता, तर आम्हाला ती नुसती तपासणी वाटली असती आणि आम्ही हात चोरले असते. ते प्यायचे म्हणून आम्ही बसायचो. इतकी वर्षं त्यांच्या तिथीला मी माझाच कॉफीचा मग न पिता त्यांच्या नावाने ठेवत आलो. त्यांना न आवडणारी वस्तू! हे मी स्नेहलला सांगितलं, आणि रडता रडता आम्ही दोघंही हसलो.

सुनंदाने चहा आणला. स्नेहलने कप हातात घेतला. मग म्हणाली, ‘म्हणजे रोज तुमच्यासाठी प्यायचे.’

‘रोज.’

‘रोज हे करणारा माणूस त्या एका दिवशी वेगळं कसं वागेल.’

ती हे मला विचारत नव्हती.

आवाज ऐकून रोहित खोलीतून आला. एकवीस वर्षांचा आहे, पाहुण्यांसमोर बसल्या जागेवरून हलत नाही म्हणून माझी रोज बोलणी खातो. मला डोळे पुसताना बघून तो चपापला. ‘व्हॉट हॅपन्ड?’ विचारत खुर्चीवर बसला.

‘याला माहितीये?’ स्नेहलने मला विचारलं.

‘नाही.’

‘मी सांगू?’

मी मान हलवली. तिने चहाचा कप खाली ठेवला आणि त्याच्याकडे वळून त्याला कळेल अशा भाषेत सांगितलं.

‘माय फादर वॉज सुभेदार शेलार. देअर वॉज वन सीट. ही न्यू दॅट ही वॉज डाइंग, अँड ही सेंट युवर डॅड.’

रोहितने आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. मग तो खुर्चीवरून उठला आणि उभाच राहिला. त्याला हे कोणी शिकवलेलं नाही.