चौथं अक्षर गेलं कुठं?

लिनबाई बोर्डासमोर उभ्या राहिल्या, दोन सेकंद बघितलं आणि पोट धरून हसत सुटल्या. माझ्या हातात ब्रश, साडीवर निळा रंग, आणि चार वाजायला तीन तास.

मी पेंटर. कोल्हापुरात पंचवीस वर्षं पाट्या रंगवते. फ्लेक्स आल्यापासून काम निम्म्यावर आलंय. म्हणून एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या शिंदेसाहेबांनी बोलावलं, तेव्हा मी उडतच गेले. फाउंड्री म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओततात तो कारखाना. तिथं नवं चिनी मशीन आलं होतं आणि ते बसवायला इंजिनिअर म्हणून या लिनबाई. चार वाजता त्यांचे मोठे साहेब यायचे होते. गेटवर चिनीत 'सुरक्षा प्रथम' हवं होतं. जमलं तर आतले सगळे सेफ्टी बोर्ड माझे, नाहीतर फ्लेक्सवाल्याचे.

प्रिंटआउटवर तीन गिचमिडीची अक्षरं होती आणि शेवटी नुसती एक आडवी रेघ, मधेच लटकलेली. मराठी मजकुराचा फॉन्ट कॉम्प्युटरवर नेहमी तुटतो, ते निस्तरायची मला सवय. म्हटलं, शिरोरेषा घसरलीय बिचारी. आमच्यात शिरोरेषा शेवटी देतात. मी ती उचलली आणि तिन्ही अक्षरांच्या डोक्यावरून झोकात ओढून दिली.

लिनबाई फोनमध्ये चिनीत बोलल्या. फोन मराठीत म्हणाला, "ही रेघ म्हणजे एक हा आकडा. शेवटची दोन अक्षरं मिळून 'नंबर एक'. आता बोर्ड म्हणतो, सुरक्षा नंबर. पुढे काही नाही."

शिंदेसाहेबांनी कपाळाला हात लावला. "ताई, काय केलंसा हे? ऱ्हाऊ द्या, फ्लेक्स मागिवतो."

"थांबा की सायेब! तीन तास हायत अजून."

"जमंल व्हय?"

"न जमाय काय झालं?" मी पदर खोचला.

टर्पेंटाइननं बोर्ड पुसला आणि खडूनं आउटलाइन काढायला लागले. आउटलाइन काढून आत रंग भरायचा, ही आमची रीत. लिनबाईंनी हात धरला. फोन म्हणाला, "हे चित्र झालं. अक्षर लिहायचं असतं."

त्यांनी माझा ब्रश पाण्यात बुडवला आणि तापलेल्या काँक्रीटवर लिहून दाखवलं. एक रेघ एका दमात, आणि क्रम ठरलेला. आधी वरचं, मग खालचं. आधी डावं, मग उजवं. आडवी आधी, उभी नंतर. ताट वाढायची पद्धत असते ना, तसंच. क्रम चुकला की ब्रश भलतीकडून येतो आणि अक्षर वाकडं बसतं.

पहिल्या अक्षरात छप्पर, छपराखाली बाई. मी नियमानं बाईची आडवी रेघ आधी काढली. लिनबाई ओरडल्या, "नो, नो! लास्ट!"

म्हटलं, बाईचं ताट चीनमध्येसुद्धा शेवटीच! फोननं याचं काय भाषांतर केलं देव जाणे, पण लिनबाई काँक्रीटवर बसकण मारून हसल्या. मग मीही बसले.

जेवणाच्या सुट्टीतले कामगार भोवती जमले. चार अक्षरांच्या चोवीस रेघा. मी लिहायची आणि ते कुस्तीच्या फडात असल्यासारखे ओरडायचे, "सात! आठ! हाण की ताई!" उन्हात पाणी वाळायचं, की पुन्हा पहिल्यापासून. हात भरून आला, पण इतकी मजा मला गेल्या कित्येक वर्षांत आली नव्हती.

साडेतीनला बोर्डावर शेवटची रेघ ओढली. श्वास रोखून, एका दमात.

चार वाजता मोठे साहेब गाडीतून उतरले. हवेत बोट फिरवत त्यांनी सगळा बोर्ड गिरवला. शेवटच्या रेघेशी बोट थांबलं. फोन म्हणाला, "साहेब विचारतात, 'एक' कोणी लिहिला? तोच सगळ्यात अवघड असतो."

"आमच्या ताईंनी!" शिंदेसाहेब छाती फुगवून म्हणाले. "आतलं बोर्ड बी त्याच करणार हायत."

संध्याकाळी लिनबाईंना मराठी 'सुरक्षा' लिहायची हौस आली. ब्रश पाण्यात बुडवला आणि काँक्रीटवर सगळ्यात आधी झोकात शिरोरेषा ओढली.

मी ओरडले, "नो, नो! लास्ट!"

तेव्हापासून एक शिकले. दुसऱ्याच्या कागदावरची रेघ कितीही घसरलेली दिसो, उचलायच्या आधी विचारावं.