मार्कंड्याच्या जत्रेतले फुगे

काल ब्रह्मपुरीत एका दुकानाच्या उद्घाटनाला गॅसच्या फुग्यांचा झुबका पेटत्या समईशेजारी बांधला होता. तो हलवा म्हटलं, तर मालक म्हणाले, "काऊन डरून राह्यला भाऊ? काही होत नाई." तेवढ्यात तापलेल्या रबराचा वास आला. मी स्वतःच झुबका सोडून लांब नेला आणि मला मार्कंड्याच्या देवळाची जत्रा आठवली.

लहानगा मी मावशीला बिलगून चाललो होतो, तिच्या हातात माझे लाल फुगे होते. शेजारी कुणीतरी विडी पेटवली. भपकन जाळ उठला. मावशीने माझं तोंड पदरात दाबलं, पण तिचा हात मनगटापर्यंत भाजला. जळक्या केसांचा वास सुटला होता. लोक म्हणाले, "देवाच्या दर्शनाआधी फुगे घेतले ना, मंग?" मावशीने ते खरं मानलं. आजही ती दरवर्षी तिथे माफी मागायला जाते.

अहो, त्या फुग्यांत हायड्रोजन होता. ठिणगी लागली की तो पेटणारच. हेलियम पेटत नाही, पण महाग पडतो म्हणून बरेच फुगेवाले भरत नाहीत. याला देवाचा कोप नाही, बेपर्वाई म्हणतात. काल मावशीला हे पुन्हा समजावलं. ती म्हणाली, "असन बाबू. पण तवा फुगेवाल्याले कोणी काही म्हनलं नाई, मलेच म्हनलं."