झाकणाखाली हात

बरणी असो, फळी असो, भिंतीवरचं घड्याळ असो, आमच्या नाश्ता सेंटरमध्ये नवी वस्तू आली की मिस्त्रींचा पहिला प्रश्न ठरलेला, "पडलं तर?" वस्तू केवढ्याला आणली, कुठून आणली याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. ती उचलून बघायची, हलवून बघायची, काठाकाठानं बोट फिरवायचं आणि मग मान वाकडी करून विचारायचं, "सर, पडलं तर?" एकदा नव्या वर्षाचं कॅलेंडर लावताना मीच चेष्टेनं म्हणालो, "मिस्त्री, हे पडलं तर हो?" ते हसले नाहीत. "कॅलेंडर पडू द्या की. खिळा कसा ठोकलाय ते बघायलोय मी," म्हणाले आणि तो खिळा उपटून दुसरीकडे ठोकून मोकळे झाले.

मिस्त्री आमचे आचारी. आचाऱ्याला मिस्त्री का म्हणतात म्हणून नवं गिऱ्हाईक चक्रावायचं. मला तरी ते ‘सर’ का म्हणत? मी बी.एड. होऊन चार वर्षं नोकरीसाठी संस्थाचालकांचे उंबरे झिजवले आणि शेवटी कंटाळून क्लासच्या गल्लीत पोहे-उपम्याचं दुकान टाकलं. पण लातुरात त्या काळी ज्याच्या पायात बूट तो सर. निकालाच्या दिवशी लातूरचं नाव महाराष्ट्रभर दुमदुमायचं आणि जूनमध्ये नांदेडपासून कोल्हापूरपर्यंतची पोरं ट्रंका घेऊन आमच्या गल्लीत उतरायची. फिजिक्स सुटलं की केमिस्ट्री सुरू व्हायच्या आत वीस मिनिटं, आणि त्या वीस मिनिटांत सव्वाशे पोरांना एकदम भूक लागायची. हा माझा धंदा.

मिस्त्री मूळचे गवंडी. निलंगा, औसा, उमरगा, या भागात त्यांनी बांधलेली घरं होती. काळ्या दगडाच्या दीड हात रुंद भिंती, मधे मातीचा गारा, वर माळवद, म्हणजे लाकडांवर अंथरलेलं मातीचं जड छत. भूकंप झाला तेव्हा ते कामासाठी परगावी होते. गावाकडे त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेल्या घरात त्यांचा थोरला भाऊ आणि वहिनी होती. त्याबद्दल ते माझ्याशी एकदाच बोलले, कांदा चिरता चिरता. "दरसाल पावसाच्या तोंडावर दादा म्हणायचा, गळतंय रे. मी आणिक पांढरी माती टाकायचो माळवदावर. गळायचं थांबायचं. दादा खुश, मी खुश. लई वर्षं टाकली, सर. शेवटपर्यंत एक थेंब गळला न्हाई त्या घरात." एवढं बोलून त्यांनी पुढचा कांदा घेतला.

त्यानंतर त्यांनी थापीला हात लावला नाही. मदत छावणीत हजार माणसांच्या भाताच्या हंड्यांवर राबले, तिथं स्वयंपाक शिकले, आणि तिथून फिरत फिरत माझ्याकडे आले. त्यांना स्वतःचं असं एकच माणूस उरलं होतं, दादाची मुलगी सुनंदा. भूकंपाच्या वेळी ती आजोळी होती म्हणून वाचली. पुढे तिचं लग्न होऊन ती उदगीरजवळच्या एका खेड्यात नांदत होती. दर दिवाळीनंतर ती बेसनाचे लाडू घेऊन यायची आणि तेच तेच म्हणायची, "काका, मागं एक खोली काढायची हाय. तुम्हीच बांधा." मिस्त्रींचंही उत्तर ठरलेलं, "चांगला गवंडी बघून देतो, पोरी." ती म्हणायची, "दुसऱ्याचा हात लागू द्यायचा न्हाई मला." आणि खोली तशीच राहायची. एका वर्षी ती रडून गेली. मिस्त्री त्या दिवशी उपम्यात मीठ घालायला विसरले आणि सव्वाशे पोरांनी तो मुकाट्यानं खाल्ला, कारण परीक्षा होती.

मग माझ्या डोक्यात ग्रिलरचं खूळ शिरलं. समोरच्या कोपऱ्यावर एकानं सँडविच सुरू केलं होतं आणि पट्ट्या उमटलेल्या ब्रेडसाठी पोरं तिकडे पळायला लागली होती. तव्यावर एक बाजू भाजा, उलटा, दुसरी भाजा, तोवर केमिस्ट्रीची घंटा. दोन्ही बाजूंनी एकदम भाजणारं मशीन हवं, हे मी ठरवून टाकलं. मिस्त्रींना सांगितलं तर म्हणाले, "सँडविच तुमचं तुम्ही बघा. धपाटं निघंल का त्याच्यात?" मी म्हणालो, निघेल. "मग घेऊ की."

खरेदीला त्यांना बरोबर नेलं आणि पस्तावलो. लातुरातल्या पहिल्याच दुकानात माझ्या मनासारखा ग्रिलर होता. चकचकीत, हलका, झटकन तापणारा, वर लाल दिवा. दुकानदारानं झाकण उघडून दाखवलं. मिस्त्रींनी ते अर्ध्यावर धरलं आणि सोडून दिलं. धाडकन आवाज झाला.

"दुसरा दाखवा," मिस्त्री म्हणाले.

"अहो, झाकण खाली यायलाच पाहिजे," दुकानदार म्हणाला. "त्याशिवाय सँडविच दाबणार कसं?"

"दाबायचं ते दाबू द्या की. पडायला कोण सांगितलंय त्याला?"

अशी आम्ही सहा दुकानं फिरलो. एका ग्रिलरचं झाकण पडत नव्हतं, पण तवा इतका पातळ की मिस्त्री म्हणाले, "लाईट गेली की हे गार." आमच्याकडे भारनियमनाचं वेळापत्रक क्लासच्या वेळापत्रकाइतकंच पाठ असायचं, त्यामुळे ते खरंच होतं. दुसऱ्याचं झाकण मागून टेकायचं आणि पुढून बोटभर उघडं राहायचं. "म्हंजे मागचं जळणार, पुढचं कच्चं." तिसऱ्याला तेल निथळायला पन्हळच नव्हती. सगळं बरोबर होतं हो त्यांचं! पण क्लास सुरू व्हायला पंधरा दिवस राहिले होते, आल्या आल्या पोरं पुन्हा कोपऱ्यावर जाणार होती, आणि सहाव्या दुकानात झाकण पुन्हा धाडकन आपटलं तेव्हा माझं डोकं फिरलं.

"मिस्त्री," मी सगळ्यांदेखत ओरडलो, "तुमचं घर पडलं म्हणून जगात सगळंच पडतं का?"

जीभ चावली, पण उपयोग काय? दुकानदार खाली बघायला लागला. मिस्त्रींनी झाकणावरचा हात काढून घेतला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "न्हाई सर. सगळं न्हाई पडत. पण जे पडतंय ते कुणाच्या तरी अंगावरच पडतंय."

घरी जाऊन मी जेवलो नाही. बायकोनं विचारलं तर तिच्यावरच खेकसलो. सकाळी दुकान उघडताना मिस्त्रींना म्हणालो, "नांदेडला जाऊ. तिथं मोठी दुकानं आहेत." माफी मागायची होती, तोंडातून एवढंच निघालं. मिस्त्री म्हणाले, "हाव. पीठ घेतो संगं."

आणि खरोखरच त्यांनी धपाट्याचं पीठ मळून, ओल्या फडक्यात गुंडाळून, डब्यात घातलं आणि तो डबा लातूर ते नांदेड एसटीत मांडीवर घेऊन बसले. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, तीळ, ओवा, लसूण-मिरचीचं वाटण. अहमदपूर येईपर्यंत अख्ख्या गाडीला वास सुटला. कंडक्टरनं दोनदा विचारलं, "काका, जेवायचं कधी?"

नांदेडच्या वजिराबादेतल्या दुकानाचे मालक एक पिकल्या दाढीचे चाचा होते. त्यांच्याकडे मागच्या बाजूला एक बोजड, काळा, दिसायला अगदीच अडाणी ग्रिलर धूळ खात पडला होता. मिस्त्री चमकत्या मशीनांच्या रांगेवरून न थांबता थेट त्याच्याकडे गेले. जाड बिडाचे तवे, खालचा सपाट, वरचा पट्ट्यांचा. बिजागरीला जाड स्प्रिंग. त्यांनी झाकण अर्ध्यावर सोडलं. ते तिथंच राहिलं. आणखी खाली सोडलं. तिथंच राहिलं. मग मिस्त्रींनी बाही वर सरकवली आणि आपला उजवा हात तळव्यापासून मनगटापर्यंत त्या उघड्या जबड्यात ठेवला, आणि डाव्या हातानं दणादण टेबल हलवायला लागले.

"अरे भाई, हाथ क्यूँ डाल रहे?" दुकानदार धावत आले. "लोहा है वो! टूट जाता हाथ!"

"तुटला तर माझा तुटंल," मिस्त्री म्हणाले. टेबल गदगदा हललं. झाकण जागचं हललं नाही. मग ते माझ्याकडे वळले. "सर, ज्याच्याखाली आपला हात ठेववत न्हाई, त्याच्याखाली दुसऱ्याला राबवू नये."

मी काय करणार? बाही सारली आणि हात ठेवला. मिस्त्रींनी पुन्हा टेबल हलवलं, अगदी मन लावून. काही झालं नाही. हात बाहेर काढल्यावर मी म्हणालो, "मिस्त्री, त्या दिवशी मी फार वाईट बोललो." ते म्हणाले, "बोलला म्हणून तर नांदेड बघाया मिळालं," आणि चाचांकडे वळून मशीन तापवायला सांगितलं. पहिलं धपाटं चाचांनी खाल्लं, दुसरंही चाचांनीच खाल्लं. तिसरं खाताना त्यांनी घरून दही मागवलं.

मशीन आलं, पण ते इतकं जड की आमच्या लाकडी टेबलानं मान टाकली. विटांचा ओटा बांधणं भाग होतं. मी गल्लीतला एक गवंडी बोलावला. मिस्त्री पोह्यांच्या कढईपाशी पाठ करून उभे होते. गवंड्यानं कोरड्याच विटा लावायला घेतल्या. मिस्त्री कढईतच बघत म्हणाले, "विटा भिजवल्या न्हाईत." गवंडी म्हणाला, "एवढ्याशा ओट्याला काय भिजवायच्या?" थोड्या वेळानं मिस्त्री पुन्हा म्हणाले, "ओळंबा लावा." गवंडी हसला, "काका, तुम्ही पोहे बघा."

मिस्त्रींनी गॅस बंद केला. हात धुतले, पुसले. गवंड्यापाशी गेले आणि त्याच्या हातातली थापी काढून घेतली. हिसकावली नाही, लहान पोराच्या हातातून विळी घ्यावी तशी घेतली. लावलेल्या विटा त्यांनी एकेक करून उचलल्या आणि पाण्याच्या बादलीत टाकल्या. गवंडी माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला खुणेनं गप्प राहायला सांगितलं. पहिली वीट मिस्त्रींनी बसवली, उचलली आणि पुन्हा बसवली. दुसऱ्या थरापासून हात सरसर चालायला लागला. त्या दिवशी पोरांना पोहे मिळाले नाहीत. पोरं दारात उभी राहून आचारी भिंत बांधताना बघत होती, आणि केमिस्ट्रीला उशिरा गेली.

बरं, ओटा झाला म्हणजे मशीन बसलं असं नाही! सात दिवस पाणी पाजल्याशिवाय त्यावर साधं ताटही ठेवू देईनात. क्लास सुरू झालेले, मशीन खोक्यात, आणि मिस्त्री ओट्यावर ओलं पोतं टाकून सकाळ-संध्याकाळ तांब्यानं पाणी शिंपडतायत. मी चिडलो, आदळआपट केली, हात जोडले. "कशाला घाई करायलाव सर?" ते म्हणाले. "सिमेंटाला तुमची केमिस्ट्री कळत न्हाई." आठव्या दिवशी मशीन बसलं, आणि सँडविचपेक्षा धपाटी जास्त खपली. कोपऱ्यावरची पोरं परत आली. तीन वर्षं आमचं झकास चाललं.

चौथ्या दिवाळीला सुनंदा आली ती कडेवर तान्हं मूल घेऊन. या वेळी तिनं खोलीचा विषयच काढला नाही. लाडूंचा डबा ठेवला, चहा घेतला, आणि निघाली. मिस्त्रीच तिच्या मागोमाग दारापर्यंत गेले. "पोरी, विटा कुठल्या मिळत्यात तुमच्याकडं?" मला ते ऐकू आलं आणि कळलंही, की आपला आचारी गेला. लोक म्हणतात मशीन आलं की माणसाचं काम जातं. माझ्याकडे मशीन राहिलं आणि माणूस आपल्या कामावर परत गेला. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं गावी गेल्यावर मिस्त्रींनी रजा मागितली. "जूनच्या आत येतो," म्हणाले.

जून उजाडला, ते आले नाहीत. नवीन पोरं उतरायला लागली. बदली आचाऱ्याची धपाटी कुणी खाईना. शेवटी मीच उदगीरची गाडी धरली. ठरवून गेलो होतो, पाया पडेन, भांडेन, पण घेऊन येईन.

दुपार टळलेली. सुनंदानं अंगणात पाणी दिलं आणि बोट ओठावर ठेवून मागच्या बाजूला नेलं. नवी खोली, अजून गिलावा ओला. चारी कोपऱ्यांत सळया, वर पत्रा नव्हे, पक्का स्लॅब. खाली सतरंजीवर तान्हं झोपलं होतं आणि त्याच्या शेजारी, भिंतीला पाय लावून, मिस्त्री. तोंड उघडं, पोटावर हात, आणि घोरणं असं की पोर कसं झोपलंय याचंच नवल वाटावं.

"उठवू का?" सुनंदानं हळूच विचारलं. "लई लांबून आलाव तुम्ही."

माझ्या दुकानात सव्वाशे पोरं उपाशी होती. मी वर स्लॅबकडे बघितलं, मग त्या दोघांकडे, आणि चपला हातात घेऊन मागच्या पावली अंगणात आलो.

"नको," मी म्हणालो. "उठले की सांग, सर आले होते. काही काम नव्हतं."