इंजिनाला नेसवलेलं इरकल

आमच्या अंगणात एकदा देवी आली होती. सोलापूरच्या भंगार बाजारातून, टेम्पोत बसून. खरं म्हणजे ते जीपचं जुनं इंजिन होतं. त्याची देवी केली ती मी. तेव्हा मी चाळिशीतली बाई होते. अक्कल बेताची आणि ठसका मात्र पाटलिणीचा.

आमचे मालक तेर ते धाराशिव माणसं भरभरून वडापची जीप चालवायचे. जीप धूर ओकायला लागली, चढाला माणसं उतरवून ढकलायची पाळी आली, तेव्हा मालकांनी ठरवलं की इंजिनच बदलायचं, आणि तेही घरी. अंगणात तीन बल्ल्या वरून एकत्र बांधल्या, त्यांना साखळीची कप्पी टांगली आणि जीपचं बिघडलेलं इंजिन उचलून बाहेर काढलं, आणि सोलापूरहून आणलेलं त्याच्या जागी बसवायला टायरवर ठेवलं. मदतीला आमची थोरली लेक. बारावी होऊन घरी होती आणि पान्यांचे नंबर तिला पाढ्यांसारखे पाठ. नट-बोल्ट ठेवायला त्या दोघांनी माझी पुरणाची परात घेतली, त्यावरून मी दिवसभर घर डोक्यावर घेतलं.

आणि नेमका तेव्हाच निरोप आला की परंड्याकडचे पाहुणे लेकीला बघायला उद्या येतायत. पोरगा नोकरीचा, घर चांगलं. लेकीनं त्याला एका लग्नात पाहिलेलं होतं, आणि निरोप ऐकून ती पाना टाकून आधी हात धुवायला धावली. मला काय ते कळलं. हे स्थळ जमायलाच हवं होतं.

आता अडचण अशी, की मध्यस्थाला मी सांगून ठेवलं होतं, "आमचे हे शेती बघतात. जीप आपली हौसेची." आणि दारातच टायरवर बसलेलं हे काळं धूड! उचलावं तर कप्पीवाला आपली कप्पी घेऊन दुसऱ्या गावाला गेलेला.

"ऱ्हाऊ दे की तितंच," मालक म्हणाले. "इंजिन हाय, चोरीचा माल न्हाय."

"तुमचं काय जातंय? तोंड मला दाखवायचंय," मी म्हणाले.

सकाळी मी इंजिनाला माझं जांभळं इरकल लुगडं नेसवलं. भोकांत तेलकट चिंध्यांचे बोळे कोंबलेले होते. लुगड्याला डाग पडतील म्हणून ते उपसून फेकून दिले. बोळे कशासाठी असतात हे विचारायची मला गरज वाटली नाही. पुढं पाट मांडला, पाटावर तांब्या, त्यात आंब्याची पानं. लांबून पाहिलं तर झकास दिसत होतं. लेकीची नखं लिंबानं घासून घासून लाल केली, तरी कडेचं काळं निघेना.

पाहुणे आले. मुलाचे वडील, आई आणि मध्यस्थ. मुलाची आई चपला काढता काढताच थांबली.

"हे काय मांडलंय, ताई?"

"देवी हाय," माझ्या तोंडून निघालं. "नवसाची. उघडून दाखवायची न्हाय, पाळणूक हाय आमची."

एवढ्यावर भागलं असतं. पण बाई पडली भाविक! "मग आधी देवीला हळदीकुंकू वाहते, पोरगी मागून बघू," म्हणून बसलीच समोर. मी आपली "चहा निवतोय, पोहे निवतात" करत राहिले. तिनं लुगड्याचा काठ अलगद उचलला, मान भक्तीनं फिरवून घेतली, आणि हात आत घालून हळदकुंकू, तांदळाची मूठ सोडली. तांदूळ आत टणटण वाजत गेले.

"पाय लई गार हायेत वो देवीचे," ती म्हणाली.

मी मालकांकडं पाहिलं. ते भिंतीला टेकून उभे होते. कित्येक महिने वडापच्या जीपवर राबून आणलेलं ते इंजिन, त्याच्या पोटात तांदूळ चाललेले, आणि हा माणूस गप्प. एक शब्द बोलले असते तर मी उघडी पडले असते, म्हणून गप्प.

बाईनं हात बाहेर काढला. कोपरापर्यंत काळा. ती हाताकडं बघत असताना तिच्या नवऱ्यानं पिशवीतला नारळ काढला. "फोडूनच टाकू. पानी शिंपडा देवीवर."

"थांबा!" लेक आतून धावत आली, डोक्यावरचा पदर कुठल्या कुठं. "मामा, पानी नगं! इंजिन हाय ते. आत पानी गेलं तर वाया जाईल." आणि तिनं लुगडं ओढून काढलं.

मुलाच्या आईनं एकदा इंजिनाकडं, एकदा आपल्या काळ्या हाताकडं पाहिलं. मग ती बाई शांतपणे म्हणाली, "इंजिन हाय तर हाय. मग झाकलं कशाला, ताई?"

मी पाटावरचा तांब्या उचलायला लागले. मालकच पुढं आले. "धूळ बसू नये म्हणून."

"आन् देवी?"

मालकांनी चहाची कपबशी पुढं केली. पाहुण्यांनी चहा घेतला, पोह्यांना हात लावला नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मध्यस्थानं सांगितलं, पोरगी पसंत होती, बापाची जीप आहे हे त्यांना आधीपासूनच ठाऊक होतं. जीपचं त्यांना काही नव्हतं. देवाचं नाव घेऊन खोटं बोलणाऱ्या घरात सोयरीक नको, एवढंच म्हणाले.

मालकांनी इंजिनाचं वरचं हेड खोलून तांदूळ एकेक करून वेचले.  मग लुगडं घडी घालून मला आणून दिलं. "डाग पडला की गं," म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मध्यस्थाचा निरोप लेकीला सांगायचं काम माझंच होतं. इंजिन जीपमध्ये बसलं होतं, ती खाली उताणी पडून नट आवळत होती. बाहेर दिसत होते ते फक्त पाय, आणि नखांना पाहुण्यांसाठी मीच बळंच लावलेलं लाल पॉलिश. मी त्या पायांशी उभी राहून सगळं सांगितलं. जिच्या तोंडाला तेरमध्ये कुणी लागायचं नाही, ती मी शेवटी पायांनाच म्हणाले, "चुकलं गं माझं."

पाय हलले नाहीत. पाना तेवढा कुरकुरत फिरत राहिला.