खेमापाडा नकाशात आहे

शहाद्याच्या पाद्रीसाहेबाकडे मी मुनशी होतो. पहिल्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. साहेबाला मराठी शिकवायची, दौऱ्यावर दुभाषा व्हायचं. त्या नोकरीत दुसरं काही साठलं नाही, किस्से तेवढे साठले. फडताळात कोंबलेल्या चिंध्यांसारखे. एक ओढला की चार बाहेर येतात.

*

साहेब इंग्लंडच्या सरकारी चर्चचा. आल्या आल्या त्याने तापीपासून सातपुड्यापर्यंत लाल पेन्सिलीची रेघ ओढली. म्हणाला, "ही माझी पॅरिश."

रेघेच्या आत ख्रिस्ती माणसं किती? तो, मडम आणि खानसामा. पॅरिश म्हणजे साहेबाचा मुलूख, असं मी खानसाम्याला सांगितलं, तर तो हरखला. "मंग मन्हा सासरा बी तठेच ऱ्हास. साहेबले सांगा, त्याले हुकूम करा. मन्ही बायको धाडी दे म्हना." बाप्तिस्मा घेतल्यापासून सासऱ्याने पोरगी पाठवली नव्हती.

साहेब म्हणाला, "प्रार्थना कर."

*

मग साहेबाला गावांच्या नावांचं खूळ लागलं. ब्राह्मणपुरीच्या पाटलाला विचारलं, नाव कसं पडलं? पाटील म्हणाला, "माले काय ठाव? मन्हा आजाना पहिले पासून शे." साहेबाने लिहिलं, लोक अडाणी आहेत.

पाटलाने उलट विचारलं, "तुमना गावनं नाव कसं पडनं?" साहेबाला सांगता येईना. म्हणाला, त्याचं संशोधन चालू आहे.

म्हणजे ठाऊक नसणं आमचं असलं की अडाणीपणा, साहेबाचं असलं की संशोधन!

*

पेठेतल्या मारवाडी शेठजींनी मात्र साहेबाला निराश केलं नाही. पश्चिमेकडून कुणी संत इकडे आला होता का, असं विचारताच म्हणाले, "आला होता ना. गोरा होता. त्याच्यावरूनच शेजारच्या वाडीचं नाव पडलं."

मी नंतर विचारलं, हे कुठे ऐकलंत? "एवढ्या लांबून विचारायला आलेत," शेठजी म्हणाले, "रिकाम्या हाताने कसं पाठवू?"

ती थाप विलायतेत छापून आली. पाटलाचं खरं उत्तर कुठेच आलं नाही.

*

आता शेवटचा. हा सांगताना अजून माझं डोकं तापतं.

धडगावच्या डोंगरात जो पाडा वसवतो, त्याचंच नाव पाड्याला पडतं. पाड्यात माणसं मरू लागली की सगळे घरं सोडून दुसरीकडे जातात, आणि नावही त्यांच्याबरोबर जातं. खेमा नावाच्या म्हाताऱ्याचा खेमापाडा साहेबाने नकाशात घातला, ओढ्याच्या अलीकडे. नकाशा छापला. एक प्रत जंगलखात्याला गेली.

पुढच्या साली तापाची साथ आली. उरलेली माणसं खेमाबरोबर ओढ्यापलीकडे गेली. जंगलखात्याचा माणूस नकाशा घेऊन आला. पाडा अलीकडे आहे, पलीकडे सरकारी जंगल, म्हणाला आणि नव्या झोपड्या पेटवून दिल्या.

खेमा बंगल्यावर आला. डोंगरातल्या पावरी बोलीत बोलला, मी साहेबाला मराठीत सांगितलं, "माझं नाव पलीकडे लिही." साहेबाला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण म्हणाला, "छापलेलं बदलता येत नाही."

हिवाळ्यात आम्ही दौऱ्यावर तिथे गेलो. ओढ्याअलीकडे, ओस पडलेल्या घरांमध्ये एकाच चुलीचा धूर निघत होता. खेमा एकटा बसला होता. मेलेल्यांच्या जागी त्यांच्यातलं कुणी राहत नाही. मी विचारलं, बाकीचे कुठे?

"पलीकडे. मी इथे आलो, म्हणजे पाडा इथे आला," तो म्हणाला. "पलीकडे आता पाडा नाही. जंगलवाल्याला सांग, तिथे जाळायला काही नाही."

मी शब्दन् शब्द साहेबाला सांगितला. त्याने नकाशा उघडला, ओढा पाहिला, खेमाची झोपडी पाहिली.

"बघा मुनशीजी," म्हणाला, "नकाशा बरोबर आहे."