सिस्टर आणि कस्तुराचं बाळंतपण

आमच्या भागात तिशी-चाळिशीतला जो कोणी भेटेल तो सिस्टरांच्याच हातून या जगात आलेला असतो, आणि तो कसा आला हे सिस्टरांना तोंडपाठ असतं. घाटंजीच्या भर बाजारात वांगी निवडता निवडता त्या एखाद्या भारदस्त मिशीवाल्याला थांबवून सांगतात, "पायाकडून आलता तू. मायले लय तरास देल्ला." तो माणूस पिशवी सावरत हसतो आणि बायकोकडे बघायचं टाळतो. सिस्टर आमच्या मागच्या घरात राहतात. गावाच्या त्या सिस्टर, माझ्या सिस्टर, आणि त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, तेही त्यांना सिस्टरच म्हणतात. आरोग्य केंद्रातून निवृत्त झाल्यावर त्या महिनाभर स्वस्थ बसल्या होत्या, असं काका सांगतात. माझा विश्वास नाही. पण त्यानंतर नाल्याकाठच्या सागवानात त्यांना नवी पेशंट मिळाली, हे मात्र खरं. ती म्हणजे कस्तुराची मादी.

कस्तुर हा पक्षी साधारण साळुंकीएवढा असतो. डोकं आणि पोट नारंगी, पाठ निळसर राखाडी, आणि गालावर काजळाच्या दोन उभ्या रेघा. झाडाखालची वाळकी पानं एकेक उलटून तो किडे आणि गांडुळं शोधतो. मी मोबाइलमधल्या अ‍ॅपवर त्याचं इंग्रजी नाव शोधून मोठ्या उत्साहाने दाखवलं, तर सिस्टर म्हणाल्या, "नाव राहू दे वं. तिची कितवी खेप हाये, थे सांगते का तुहं अ‍ॅप?" घरट्यापासून दहा पावलांवर त्यांनी दगडांची ओळ लावली आहे, त्यापुढे कोणी जायचं नाही. अत्तर लावून यायचं नाही. मी एकदा लाल ओढणी घेऊन गेले, तर ती काढून पिशवीत कोंबायला लावली. टकाचोर नावाचा लांब शेपटीचा पक्षी घरट्यातली अंडी-पिल्लं पळवतो, म्हणून त्याच्यामागे त्या छत्री घेऊन धावतात. कस्तुराचा नरही आळीपाळीने अंड्यांवर बसतो हे कळल्यापासून आमच्या गल्लीतल्या नवऱ्यांना वाईट दिवस आलेत. "पाहा, पाखरू असून बसते थो," सिस्टर काकांना म्हणाल्या. काका आरामखुर्चीत पेपर वाचत होते. "मंग मीबी तं बसूनच राह्यलो," ते म्हणाले.

गेली दोन वर्षं त्यांच्या पेशंटचं एकही पिल्लू उडालं नव्हतं. एकदा साप आला, एकदा वादळात फांदीच मोडली. यंदा मात्र सागवानातल्याच एका आंब्याच्या बेचक्यात मुळ्या आणि चिखल लिंपून केलेल्या वाटीत तीन पिल्लं निघाली, आणि नेमकं तेव्हाच सिस्टरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस घराबाहेर जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. सिस्टरांनी मला बोलावून ड्यूटी लावून दिली: रोज सकाळी जायचं, बघायचं, येऊन सांगायचं. मला बोलण्यापेक्षा बघायला बरं वाटतं, म्हणून मी लगेच हो म्हटलं. येऊन सांगावंही लागतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

सोमवारी घरटं कलंडलेलं होतं. पिल्लांना अजून पंखही फुटले नव्हते, तरी आत एकही नव्हतं. शेजारच्या झाडावर टकाचोर फांदीला चोच पुसत होता. परत आले तर सिस्टर काळा चष्मा लावून वऱ्हांड्यात वाटच बघत होत्या. "कशी हायेत लेकरं?"

"बरी आहेत," मी म्हटलं.

मंगळवारीही बरी होती. बुधवारी मी त्यांना थोडे पंखसुद्धा फुटू दिले.

गुरुवारी मी वऱ्हांड्यात बसलेली असताना नाल्याकडून नराचं गाणं सुरू झालं. लांबलचक, गोड शीळ, मध्येच दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला. पिल्लांचा विषय टाळायला बरं झालं म्हणून मी घाईने म्हटलं, "किती सुंदर गातो ना, सिस्टर?"

सिस्टर थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "लेकरं चारताना त्याले गायाले टाइम नसते, पोरी. चोच भरेल राह्यते. तो असा गाऊन राह्यला, म्हंजे घर रिकामं झालं. आता पुन्हा मांडाचं म्हणून बलावून राह्यला तिले." त्यांनी काळा चष्मा माझ्याकडे वळवला. "कवा झालं?"

"सोमवारी."

"तीनही?"

मी मान हलवली. मग आठवलं, त्यांना नीट दिसत नाही. "हो," मी म्हटलं.

मला वाटलं आता रागावतील. त्यांनी हात पुढे करून माझं मनगट शोधलं आणि नाडी बघावी तसं धरून ठेवलं. "मीबी लगेच नाई सांगो," त्या म्हणाल्या. "बाळंतिणीच्या खोलीतून निंघाल्यावर पहिले हात धुवाले जावो. लय येळ धुतच राहो. बाहेर तिची सासू, नवरा, सगळे उभे राहेत." नळाखाली धरावेत तसे त्यांचे हात किंचित हलले. मग त्यांनी माझं मनगट सोडलं आणि आत काकांना दोन कप चहा ठेवायला सांगितलं.

नाल्याकडे तो गातच होता. काका चहा घेऊन आले आणि म्हणाले, "आज लय जोरात हाये बुवा हा."

"गाऊ द्या त्याले," सिस्टर म्हणाल्या. "तिले याले दोन-चार दिवस लागतीन."